न वाचलेले पत्र 'वाचलेले' कसे झाले?

टपालाने आलेले पत्र कोणी वाचले आहे की नाही, हे ओळखणे सोपे असते. पाकीट फोडलेले असेल तर कोणीतरी ते पाहिलेले आहे. पाकीट बंद असेल तर पत्र अजून तसेच आहे. ई-मेलला मात्र पाकीट नसते. तुमच्या अब्बांच्या किंवा अम्मींच्या फोनवर ई-मेलची यादी उघडून पाहा. काही ओळी ठळक अक्षरांत दिसतील, काही साध्या अक्षरांत. ठळक म्हणजे न वाचलेले पत्र आणि साधे म्हणजे वाचलेले पत्र, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण पत्र वाचून झाले, ही बातमी त्या यंत्राला कोण देते? आणि यंत्राची ही समजूत चुकीची असली तर काय होते?

२०१८ सालापर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या वेळी मी इंदापूर तालुक्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत होतो. शाळेचा ई-मेलचा पत्ता एकच होता, पण तो दोन ठिकाणी उघडला जाई. एक ठिकाण म्हणजे मुख्याध्यापक साहेबांचा फोन आणि दुसरे म्हणजे कार्यालयातील संगणक. संगणकावर आमचे लिपिक भाऊसाहेब काम करत. त्या डिसेंबर महिन्यात ते आजारी असल्यामुळे रजेवर होते. त्यांच्या खुर्चीवर बसून मी इनपेजमध्ये दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका उर्दूत टाइप करत असे. साहेब रोज सकाळी आपला फोन पाहत आणि म्हणत, "नवीन काही नाही."

एके दिवशी दुपारी नववीतील एका मुलीचे वडील बारामतीहून एस.टी.ने आले. ते तेथील औद्योगिक वसाहतीत कामाला होते आणि मुलगी इंदापूरला नानीकडे राहून शिकत होती. आठवीत असताना तिने आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा दिली होती आणि तिची निवड झाली होती. या शिष्यवृत्तीत नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिच्या अर्जातील नाव आणि बँकेच्या पासबुकातील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. अशी नावे दुरुस्त करण्यासाठी शाळांना ई-मेल गेले आहेत, असे चाचांनी बारामतीत ऐकले होते. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

साहेबांनी फोन काढला. पत्र तेथे होते आणि ते येऊन सहा दिवस झाले होते. पण त्याची अक्षरे साधी होती. म्हणजे पत्र वाचलेले होते! साहेब म्हणाले, "मी हे उघडलेले नाही. सर, तुम्ही उघडले होते का?" मीही उघडले नव्हते. चाचांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात काय आले असेल ते मला समजले. कार्यालयातील माणसे पत्र वाचतात आणि बाजूला ठेवून देतात, असेच कोणालाही वाटले असते.

दुरुस्तीचे पत्र त्याच संध्याकाळी रवाना झाले. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून सारी यादी खालपर्यंत तपासली. कोणीही न उघडलेली, तरीही साध्या अक्षरांत दिसणारी अकरा पत्रे निघाली. त्यांपैकी एक पत्र तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे होते. आमच्या सातवीतील दोन मुलांनी सलाईनच्या रिकाम्या नळ्या वापरून ठिबक सिंचनाचा फार सुंदर नमुना तयार केला होता. प्रदर्शनात नाव नोंदवण्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. ही गोष्ट त्या मुलांना मलाच सांगावी लागली.

मग ती अकरा पत्रे वाचली कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी आपल्या वर्गातील हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. सर तुमचे नाव पुकारतात, तुम्ही "हाजिर" म्हणता आणि सर खूण करतात. त्या खुणेचा अर्थ एवढाच की तुम्ही बाकावर बसलेले आहात. तुमचे लक्ष धड्यात आहे की मैदानावरच्या क्रिकेटमध्ये, हे हजेरीपटाला कळत नाही. ई-मेलमधील 'वाचले' ही खूण नेमकी अशीच आहे. यंत्राला तुमचे डोळे दिसत नाहीत. पत्र उघडले गेले किंवा कोणीतरी ते मागून घेतले, एवढेच त्याला कळते आणि तेवढ्यावरून ते खूण करून टाकते.

आता ही खूण ठेवायची कोठे? सगळी गंमत आणि सगळा घोटाळा या एका प्रश्नात आहे. ई-मेलमधील पुष्कळ बिघाडांचे मूळ शोधत गेलात, तर तुम्ही याच प्रश्नापाशी येऊन पोहोचाल.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यामार्फत पत्र पाठवण्याची सुरुवात अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली. पत्त्यातील '@' ही खूण त्यांनीच निवडली. त्या काळात एका मोठ्या संगणकावर अनेक माणसे काम करत. पत्र त्याच संगणकावर येई आणि तेथेच वाचले जाई. पुढे युनिक्स पद्धतीच्या संगणकांवर तर वाचल्याची खूण पत्राच्या कागदावरच केली जाई, असे म्हणायला हरकत नाही. पत्राच्या माथ्यावर 'स्टेटस' नावाची एक ओळ असे आणि तीत 'आर' हे अक्षर आले की पत्र वाचलेले समजत. नंतर निघालेल्या 'मेलडिर' नावाच्या पद्धतीत पत्राची फाइल 'न्यू' नावाच्या कप्प्यातून 'कर' नावाच्या कप्प्यात जाते आणि पत्र वाचल्यावर फाइलच्या नावाच्या शेवटी 'एस' हे एक अक्षर लागते. पाहा, जे पत्र वाचले की नाही यावर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अवलंबून असते, त्याची नोंद फक्त एका अक्षरात!

यंत्र एकच होते तोपर्यंत भांडण नव्हते. पुढे घरोघरी संगणक आले. पत्र येऊन पडते तो संगणक वेगळा आणि पत्र वाचायचा संगणक वेगळा, असे झाले. जो मोठा संगणक रात्रंदिवस चालू राहून सर्वांची पत्रे सांभाळतो, त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरवरून पत्र घरी आणण्यासाठी काही नियम ठरवावे लागले. अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. त्यांतील एकाचे नावच 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' असे आहे. त्याला थोडक्यात पॉप म्हणतात. आज वापरली जाणारी त्याची तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली.

पॉपची पद्धत साधी आहे. भिगवणच्या टपाल कार्यालयात जाऊन आपले टपाल घरी घेऊन यावे, तशी. घरी आणल्यावर तुम्ही पाकीट फोडले की तसेच कपाटात टाकले, हे टपाल कार्यालयाला समजण्याचा मार्ग नाही. पॉपच्या नियमांत 'वाचले' आणि 'न वाचलेले' असा भेदच नाही. वाचल्याची नोंद तुमच्या संगणकावरील कार्यक्रम स्वतःपुरती ठेवतो. मूळ पत्र सर्व्हरवर राहू देऊन त्याची प्रत घरी आणण्याची सोयही असते. तेव्हा मात्र दोन संगणकांवर दोन प्रती आणि दोन वेगळे हिशेब तयार होतात. एका ठिकाणी तुम्ही पत्र वाचले तरी दुसऱ्या ठिकाणी ते ठळकच दिसणार. याला बिघाड म्हणू नका. त्या दोन यंत्रांनी एकमेकांशी कधी बोलायचे ठरवलेलेच नाही.

दुसरी पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिला आयमॅप म्हणतात. तिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि तुम्ही कोठूनही तेथे डोकावून ती वाचता. वाचल्याची खूणही सर्व्हरवरच राहते. या खुणेला 'सीन', म्हणजे पाहिलेले, असे नाव आहे. तिच्याबरोबर उत्तर दिले, महत्त्वाचे आहे, पुसायचे आहे, अर्धवट लिहिले आहे अशा इतर खुणाही असतात. वही एकच असल्यामुळे फोनवर पत्र वाचले की संगणकावरही ते साधे दिसू लागते.

आयमॅपमधील एक बारकावा मला फार आवडतो. तुमचा कार्यक्रम सर्व्हरकडे पत्राचा मजकूर दोन प्रकारे मागू शकतो. सरळ मागितला तर सर्व्हर मजकूर देता देता 'सीन' ही खूण स्वतःच करून टाकतो. 'पीक', म्हणजे फक्त डोकावू दे, असे म्हणून मागितला तर तो मजकूर देतो पण खूण करत नाही. दोन्ही वेळा मजकूर तोच असतो, फरक फक्त मागण्याच्या शब्दात असतो. म्हणून एखादा दुसरा कार्यक्रम तुमची पत्रे तपासताना 'पीक' म्हणायला विसरला, तर माणसाने न पाहिलेली पत्रे वाचलेली होऊन बसतात.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. पुढच्याच वर्षी ४ जुलैला हॉटमेल निघाले. ते काढणाऱ्या दोघांपैकी सबीर भाटिया हे लहानपणी काही काळ पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये शिकले होते. हॉटमेलमध्ये पत्रे आणि खुणा दोन्ही सर्व्हरवर असत आणि कोणत्याही संगणकावरून ती पाहता येत. २००४ मध्ये आलेले जीमेलही तसेच. आज तुमच्या घरातील फोनवर जे जीमेल आहे, त्याचा हिशेब सर्व्हरवरच ठेवला जातो.

तर मग आमच्या शाळेत काय घडले? आमचा पत्ता जीमेलचा होता. साहेबांच्या फोनवर सर्व्हरची वही दिसत होती. कार्यालयातील जुन्या संगणकावर मात्र कोणीतरी पूर्वी पॉपची जोडणी करून ठेवली होती. जीमेलच्या सेटिंगमध्ये असा एक प्रश्न असतो की, पॉपने पत्र घरी नेले तर सर्व्हरवरील प्रतीचे काय करायचे? उत्तरे चार आहेत. प्रत तशीच ठेवायची, प्रतीवर वाचल्याची खूण करायची, प्रत इनबॉक्समधून हलवून साठ्यात टाकायची किंवा ती पुसून टाकायची. आमच्याकडे दुसऱ्या उत्तरावर टिंब होते.

संगणक सुरू झाला की पत्रांचा कार्यक्रम आपोआप सुरू होई आणि दर थोड्या वेळाने सर्व्हरवरून नवी पत्रे उचलून आणी. पत्र उचलले की सर्व्हरवर लगेच वाचल्याची खूण होई. साहेब फोन पाहत, तेव्हा त्यांना सगळी अक्षरे साधी दिसत. इकडे संगणकावर तीच अकरा पत्रे ठळक अक्षरांत वाट पाहत होती. पण ती पाहणारे भाऊसाहेब रजेवर होते. आणि रोज संगणक सुरू कोण करत होते? मी. इनपेजच्या खिडकीमागे तो कार्यक्रम चालू होता आणि मी उर्दूच्या प्रश्नपत्रिकेतील नुक्ते तपासत होतो. कोणी उघडली ही पत्रे, असे मी साहेबांना विचारत होतो, तेव्हा त्या पत्रांवर खूण करणाऱ्या यंत्राचे बटण रोज मीच दाबत होतो.

कारण सापडल्यावर उपाय दहा मिनिटांत झाला. पॉप बंद केले आणि संगणकावर आयमॅपची जोडणी केली. एक काम मात्र राहिले होते. ती अकरा पत्रे आम्ही सर्व्हरवर पुन्हा 'न वाचलेली' केली आणि साहेब व मी मिळून ती एकेक करून वाचली.

तुमच्या घरी असा प्रकार झाला, तर शोध कोठून सुरू करावा? पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. हा पत्ता किती ठिकाणी उघडलेला आहे? जुना फोन, मोठ्या भावाचा लॅपटॉप, नेट कॅफेतील संगणक, सगळे मोजा. मग प्रत्येक ठिकाणी पॉप आहे, आयमॅप आहे की थेट जीमेल आहे, ते पाहा. बहुतेक वेळा इथेच चोर सापडतो.

सर्वत्र आयमॅप असूनही पत्रे न वाचता साधी होत असतील, तर यादीशेजारी पत्राचा मजकूर दाखवणारी चौकट पाहा. यादीतून बाणाची कळ दाबत खाली गेले की प्रत्येक पत्र त्या चौकटीत क्षणभर उघडते आणि वाचलेले ठरते. थंडरबर्ड या कार्यक्रमात ही खूण लगेच करायची, काही सेकंदांनी करायची की आपोआप मुळीच करायची नाही, हे ठरवता येते. आउटलुकमध्येही अशी सोय आहे. घाईने चाळण्याची सवय असेल तर काही सेकंदांचा अवधी ठेवलेला बरा.

याच्या उलट तक्रारही असते. पत्र वाचले तरी ते ठळकच राहते. असे झाले तर आधी इंटरनेट चालू आहे का ते बघा. बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगर मागे पडल्यावर तुमच्या फोनची रेंज गेली आणि तुम्ही एस.टी.त बसून आधीच उतरवलेले पत्र वाचले, असे समजा. खूण फोनवर झाली, पण सर्व्हरला ती समजली नाही. रेंज आल्यावर फोन ती कळवतो. तोपर्यंत घरच्या संगणकाला तुम्ही पत्र वाचल्याचा पत्ता नसतो.

सर्वांत चिडवणारी तक्रार वेगळीच आहे. फोनवर '१ न वाचलेले' असा आकडा दिसतो आणि ते एक पत्र काही केल्या सापडत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने तर ते शोधता शोधता सहा महिन्यांची पत्रे चाळली. असे करू नका. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'इज', मग अपूर्णविराम आणि लगेच 'अनरीड' असे लिहा. मध्ये जागा सोडू नका. न वाचलेली सगळी पत्रे एकत्र येतील. हरवलेले पत्र बहुधा जाहिरातींच्या कप्प्यात असते किंवा एखाद्या लांबलचक पत्रव्यवहाराच्या पोटात दडलेले एखादे जुने उत्तर असते. पत्र खरोखरच नसेल आणि आकडा मात्र असेल, तर कार्यक्रमाने स्वतःसाठी बनवलेली सूची बिघडलेली आहे. थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरच्या गुणधर्मांत 'रिपेअर फोल्डर' हे बटण असते. ते दाबले की सूची नव्याने तयार होते.

कधी एका सकाळी हजार जुनी पत्रे पुन्हा नवी होऊन अवतरतात. पॉप वापरणारा कार्यक्रम कोणती पत्रे आधी आणली, याची एक यादी ठेवतो, कारण सर्व्हर प्रत्येक पत्राला एक वेगळी ओळख देतो. संगणक बदलल्यामुळे किंवा फाइल बिघडल्यामुळे ही यादी गेली, तर बिचाऱ्या कार्यक्रमाला सारेच टपाल नवे वाटते. पत्रे पुसण्याची घाई करू नये. आधी आपल्याकडे जुन्या प्रती सुरक्षित आहेत याची खातरजमा करावी. 'खातरजमा' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? तुमच्या घरातील 'खातिर जमा' तीच.

पुष्कळ विद्यार्थी विचारतात, "सर, मी पत्र वाचले हे पाठवणाऱ्याला कळते का?" आपण आतापर्यंत जिच्याविषयी बोललो, ती खूण फक्त तुमच्या बाजूची असते. ती पाठवणाऱ्याला दिसत नाही. व्हॉट्सॲपमध्ये २०१४ पासून निळ्या खुणा दिसतात, ती निराळी व्यवस्था आहे. ई-मेलमध्ये पोहोचपावती मागता येते, पण ती द्यायची की नाही हे बहुतेक कार्यक्रम तुम्हांला विचारतात. म्हणून शाळेला पत्र पाठवणाऱ्या त्या कार्यालयालाही आमच्याकडे पत्र नुसतेच पडून आहे, हे समजण्याचा मार्ग नव्हता.

भाऊसाहेब बरे होऊन आले, तेव्हा त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग त्यांनी कपाटातून आवक नोंदवही काढली. टपालाने आलेल्या पत्रांसाठीच ती वापरली जात असे. तिच्यात त्यांनी ई-मेलसाठी एक वेगळा रकाना आखला. पत्र आले तो दिवस, विषय, मुदत आणि वाचणाऱ्याची सही. सहीचा रकाना रिकामा असेल तर पत्र न वाचलेले, मग पडद्यावरील अक्षरे ठळक असोत की साधी. पहिल्या पानावर त्यांनी ती अकरा पत्रे मागच्या तारखांसह लिहून काढली आणि सहीसाठी वही माझ्यापुढे ठेवली.

तुम्हांला ही खूण प्रत्यक्ष फिरताना पाहायची असेल, तर एक प्रयोग करा. घरातील मोठ्यांना विचारून एकच पत्ता एका फोनवर आणि एका संगणकावर उघडा. मैत्रिणीला किंवा मित्राला त्या पत्त्यावर एक पत्र पाठवायला सांगा. पत्र दोन्हीकडे ठळक दिसू लागले की फोनवर ते एकदा उघडून पुन्हा 'न वाचलेले' करा, म्हणजे त्याचा मजकूर फोनमध्ये उतरलेला असेल. मग फोनचे इंटरनेट बंद करा आणि पत्र पुन्हा वाचा. फोनवर अक्षरे साधी होतील आणि संगणकावर ती ठळकच राहतील. आता फोनचे इंटरनेट सुरू करा आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहा. थोड्या वेळात, कोणी हातही न लावता, ती ठळक ओळ तुमच्या डोळ्यांदेखत साधी होईल.